पोटुशी पहार

लंकाबाई येणार हे हौशीरामआबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि गोरी बाई येणार हे लंकाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकट्या वृषालीला ठाऊक होत्या. आठ दिवस ती पोरगी मूग गिळून बसली होती, आणि मूग गिळणं हा काही ओतूरच्या ढोमशांचा गुण नव्हे.

तिच्या आजोबांचं तर उलटच. महिन्याभरात आबांनी अख्ख्या ओतुरात जाहीर करून टाकलं होतं, की आपला पणजा दगडूबाबा साधासुधा गडी नव्हता, सातासमुद्रापलीकडचा गोरा होता. स्टँडवरच्या न्हाव्याला सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, कांद्याच्या लिलावात आडत्याला धरून सांगितलं. "तरीच म्हनतो, मला ऊन का सोसत न्हाई!" शहात्तर वर्षं रानात उन्हानं भाजलेला माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर आडत्यानं टोपी तोंडावर ओढून घेतली.

सगळं सुरू झालं ते गेल्या डिसेंबरात कॉलेजवर आलेल्या एका पत्रानं. प्राचार्यांनी ते लायब्ररीत वृषालीकडे धाडलं, तिला इंग्रजी बरं म्हणून. नेरिस नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं ते लिहिलं होतं, वेल्समधून. तिच्या पणजीचा भाऊ ओवेन खाणकामगार होता. अठराशे बासष्टला तो थळ घाटात रेल्वेचे बोगदे फोडायला इकडे आला, आणि अठराशे एकोणसत्तरला त्याचं शेवटचं पत्र घरी पोचलं. त्यात होतं, 'मी एका खिंडीच्या तोंडाशी राहतो. इथे माणसाच्या छातीला लागेल एवढा दगडी रांजण आहे आणि लेण्यात कुणालाच न वाचता येणारी अक्षरं आहेत. मी लग्न केलं आहे. एक मुलगा आहे, दोन वर्षांचा.' त्यानंतर काही नाही. नेरिसनं सहा वर्षं सगळा हिंदुस्थान पालथा घातला, पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून, त्या एका रांजणासाठी. शेवटी नाणेघाटाचा फोटो तिला सापडला.

पत्र वाचून वृषाली खुर्चीतून उठलीच. लहानपणी शाळेच्या सहलीत त्याच रांजणात तिनं चॉकलेटचे कागद टाकले होते. आणि दगडूबाबा परमुलुखातून येऊन त्याच घाटाच्या तोंडाशी राहिला, हे ती घरात ऐकत आली होती; ओवेनचाच इथे दगडू झाला असणार.

तर आता नेरिस आली होती. दोन हजार चारचा वैशाख, गुरुवार, दुपारचे दोन. ओसरीवर, खास तिच्यासाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती बसली होती. साठीची, पांढऱ्या केसांची, उन्हानं नाक लालभडक झालेलं. आबा नवं धोतर नेसून समोर. दादाभाऊ, म्हणजे आबांचा थोरला आणि वृषालीचा बाप, सरबताचा ट्रे घेऊन उभा. आणि दारातून आवाज आला, "हाय का कुनी घरात?"

दादाभाऊनं मान वळवली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दारात नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरची, त्यांच्याच भाऊबंदांतली लंकाबाई उभी होती. मागं तिचा लेक गेणभाऊ, डोक्याला मुंडासं, नजर खाली.

"लंकाबाई, आज न्हाई," आबा म्हणाले. "आज घरात पावनं हायती."

"मी बी पावनीच हाय की, पाटील. सकाळच्या धाच्या गाडीनं निघालेय. पावन्याला पानी तरी इचारतात."

वृषालीनं पटकन तांब्या दिला. लंकाबाईनं उभ्यानंच पाणी पिऊन पदरानं तोंड पुसलं, आणि मग तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

"ही कोन बया?"

"दगडूबाबांच्या माहेरची... म्हणजे त्यांच्या बहिणीची पणती," वृषाली म्हणाली. "वेल्सहून आलीय. इंग्लंडच्या शेजारचा डोंगराळ मुलूख आहे तो. पाऊस फार, शेती थोडी, आणि खालचे लोक ह्यांना डोंगरी म्हणून हसतात."

"म्हंजी इंग्रजांचं घाटघर," लंकाबाई म्हणाली आणि खाली जोत्यावर बसली. आता उठवायची कुणाची बिशाद नव्हती.

तिला आज उठून चालणारच नव्हतं. गेणभाऊच्या लेकीचं, मोहिनीचं लग्न सोमवारवर आलं होतं. मुलाकडचे पिंपळवंडीचे, चांगली माणसं. पण मुलाची आजी चिमाबाई खमकी. तिनं सुपारी फुटल्यावर सांगून धाडलं होतं, की ढोमशांच्या देवकात पोटुशी पहार पुजतात असं आम्ही ऐकून आहोत. तुमच्या मांडवात ती पहार दिसली तर तुम्ही ढोमसे. नाही दिसली तर आम्ही विचार करू. विचार करू म्हणजे काय, हे लंकाबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

पहार ओतूरच्या देवघरात होती. पाच हात लांब, लोखंडाची, आणि एका टोकापासून हातभर अंतरावर तिला नारळाएवढं पोट. म्हणून बायका तिला पोटुशी म्हणायच्या. ढोमशांच्या घरात लग्न निघालं की मांडवात पाच झाडांच्या पंचपाळवीबरोबर ती उभी करायची, पाच सवाष्णींनी हळद लावायची, मगच नवऱ्यामुलाला किंवा नवरीला. ती कशाची, कुठली, कुणी कधी विचारलं नव्हतं. एवढं मात्र ओतुरात पक्कं होतं: दगडूबाबांचा थोरला राणू, तो आमचा आजा, आणि धाकटा भिवा, घाटघरच्यांचा मूळपुरुष, हा ठेवलेल्या बाईचा. म्हणून घाटघरच्यांना पहार नाही. लंकाबाईच्या लग्नात तिचा सासरा इथूनच रिकाम्या हातानं परत गेला होता. तिच्या हळदीला विहिरीवरची साधी पहार उभी केली होती, आणि तिच्या मावळणी, म्हणजे आत्या, ते बघून तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पन्नास वर्षं झाली, ते हसू लंकाबाई विसरली नव्हती.

"सोमवारी पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "चार दिसासाठी पहार द्या. मंगळवारी गेणा सोता आनून घालंल."

"काकी, हे धा डाव झालं न्हाई का?" दादाभाऊ म्हणाला. "कुळाची वस्तू हाय. कुनालाबी न्हाई देता येत."

"कुनालाबी?" लंकाबाईचा आवाज चढला. "मी ढोमशांत आले ती काय पळून आले व्हय रं?"

नेरिस एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिनं हळूच वृषालीला विचारलं, भांडण कशावरून? वृषालीनं सांगितलं, एका लोखंडी वस्तूवरून. नेरिस म्हणाली, मला बघायला मिळेल?

आबांना तेवढंच हवं होतं. "दादा, आन रं देवघरातनं. बघू दे पावनीला आपल्या कुळाचं देवक."

दादाभाऊनं पहार दोन्ही हातांवर आडवी धरून बाहेर आणली. शंभर वर्षांच्या हळदीनं ती पिवळीजर्द झाली होती. नेरिस खुर्चीतून उठली, आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मग जवळ येऊन त्या पोटावरून, अगदी तान्ह्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा, हात फिरवला. ती बोलत होती आणि वृषाली जमेल तसं सांगत होती.

"म्हणतेय, अशीच पहार तिच्या आजोबांच्या घरात दाराशी उभी असायची. त्यांच्या गावात खडकाला भोकं पाडायला हीच वापरतात. हे पोट वजनासाठी. तिनं आपल्या देशात रेल्वेवाल्यांची, खाणवाल्यांची कितीतरी म्युझियमं बघितली, ही फक्त त्यांच्याच डोंगरात असते, म्हणते. दुसरीकडं तिनं कुठं बघितली नाही." वृषाली आबांकडे वळली. "आबा, ती विचारतेय, ही कशी वापरतात ते तुम्हाला येतं का?"

"वापरायची? अगं, ती पुजायची असती."

मग पहिल्यांदाच गेणभाऊनं तोंड उघडलं.

"मला येतं," तो म्हणाला. "बापानं शिकवलंय. पर हात लावू का?"

प्रश्न आबांना होता. घाटघरच्या कुणाचाही हात आबांच्या हयातीत त्या लोखंडाला लागला नव्हता. आबांनी एकदा पावणीकडे पाहिलं, एकदा ओसरीबाहेर जमायला लागलेल्या शेजारणींकडे, आणि नुसती मान हलवली.

गेणभाऊ घाटातल्या गावांमधून विहिरींचे सुरुंग लावायचा, पिढीजात धंदा. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, पहारीला डोकं टेकवलं, आणि अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेला. पहार उभी धरली. उचलली, सोडली, सोडता सोडता पाव फिरवली. उचलली, सोडली, फिरवली. जोर करतोय असं वाटतच नव्हतं. ते पोटच सगळं काम करत होतं. दगडातून पीठ उडायला लागलं. हळदीचे पापुद्रे गळून खाली काळं लोखंड चमकायला लागलं.

"साधीनं अर्धा दीस लागतो," तो स्वतःशीच म्हणाला. "ही तर आपल्याआपन चालती की! आज्या सांगायचा, खोटं न्हवतं तं."

नेरिस ठोक्यागणिक काहीतरी पुटपुटत होती. आकडे होते, तिच्या भाषेतले. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायचंही तिला भान नव्हतं. गेणभाऊ थांबला, मान वर करून मुंडाशानं घाम टिपला, आणि तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. घारे डोळे. ओतुरात त्या डोळ्यांना 'डोंगरातली खोट' म्हणायचे. तिनं पिशवीतून एक जुना फोटो काढला. एक म्हातारी, काळ्या कपड्यांत. ओवेनची आई.

लंकाबाईनं फोटो हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. "अगं आई गं," ती म्हणाली. "ह्यो तर आमच्यातला मेलेला मानूस नाकीडोळी जिता झाला. ह्यांचं तोंड हाय हे. गेणाच्या बापाचं."

"म्हणतेय," वृषाली सांगत होती, "की ही आई मरेपर्यंत वाट बघत होती. कुटुंबाच्या थडग्यावर तिनं ओवेनचं नाव कोरून ठेवलं, आणि सालाची जागा मोकळी सोडली. ती अजून मोकळीच आहे."

"आई ती आईच," लंकाबाई म्हणाली.

आता आबांचं काय झालं ते सांगायला हवं. इतका वेळ माणूस ताठ बसला होता. पण त्यांच्या ध्यानात आलं, की पावणीनं आपल्याकडे एकदाही तसं पाहिलं नाही. ती त्या सुरुंगवाल्याच्या तोंडाकडे बघून रडतेय. आबांनी नकळत आपल्या गालावरून हात फिरवला.

"इचार तिला," ते वृषालीला म्हणाले. "मी कुनावर गेलो म्हनावं? म्या तर थोरल्याचा नातू."

वृषाली काही इंग्रजीत बोलली नाही. मग तिनं पर्समधून चार घड्यांचा कागद काढला.

"आबा, मागच्या बुधवारी मी नाशिकला गेले होते. रामकुंडावर, आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे. त्यांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात ना, अस्थी घेऊन कोण कधी आलं ते."

"आपलं पान म्या धा डाव बघितलंय. आज्यापासनं हाय."

"हो, राणूआजोबांपासून. छत्तीस सालापासून. त्याच्या आधीचं का नाही, असं कधी विचारलंत? चोपड्या गावावार असतात आबा. ते विचारतात, गाव कुठलं? आणि आपण दर वेळी सांगतो, ओतूर. घाटघर म्हणायची लाज आपल्या घरात कुणालाच सोडवली नाही. मी म्हणाले, गाव घाटघर. त्यांनी दुसरी चोपडी काढली. मोडी होतं, त्यांनी वाचून दाखवलं, मी उतरवून घेतलं."

"वृषाली," दादाभाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "घरातलं घरात बोलू."

"वाच," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही आधी एकटे..."

"वाच म्हनतो ना. सगळ्या ओतुराला म्याच बोंबलून सांगितलंय. आता काय झाकायचं?"

वृषालीनं वाचलं.

"शके अठराशे अठरा. दगडू, मौजे घाटघर. परमुलुखातून आलेला, मायबाप ठाऊक नाहीत. अस्थी घेऊन पुत्र भिवा व राणू आले. मी भिवा लिहवितो की, बापास पोटचा मी एकच. राणू हा मोठ्या दुष्काळात घाटाच्या तोंडी रांजणापाशी उपाशी पडलेला बापास सापडला, वय अदमासे सहा. बापाने त्यास घरी आणून माझ्या ताटात जेवविले. तो माझा भाऊ. आता तो ओतुरास घर करितो. तिथे त्यास कोणी परका म्हणू नये म्हणून बापाची पहार मी आपले हाताने त्याचे हवाली केली आहे. दोन्ही घरी लग्नकार्यात पुजावी. त्याची संतती ती माझी संतती. मागे कोणी भेद करील त्यास या गंगेची आण."

वृषालीनं कागदाच्या परत चार घड्या घातल्या.

आबांना एकदम आजा आठवला. राणूआजा गेला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आजा निजताना उशाखाली फडक्यात एक भाकर ठेवायचा. रोज. घरात कणग्या भरलेल्या, तरी ठेवायचा, आणि नातवंडं चोरून ती भाकर पळवायची आणि हसायची. एकदा छोट्या हौशीरामानं ती कुत्र्याला घातली, तेव्हा तेवढा दांडगा म्हातारा अंधारात चाचपडत, हुंदके देत रडला होता. पोरांना वाटलं, म्हातारा चळला.

"रांजनापाशी," आबा म्हणाले. "सहा वरसाचं पोर." मग खांद्यावरच्या उपरण्यात तोंड घालून ते ढसाढसा रडले. दादाभाऊला बापाला असं रडताना बघायची सवय नव्हती. त्यानं सरबताचा एक पेला उचलून त्यांच्यापुढं धरला.

वृषालीनं नेरिसला सगळं सांगितलं. नेरिसनं एक वही काढली. तिच्यात तिनं सहा वर्षं आपल्या घराण्याचं झाड काढत आणलं होतं, आणि ओवेनच्या नावाखाली प्रश्नचिन्ह होतं. तिनं ते खोडलं. म्हणाली, शपथेवर सिद्ध करता येईल असा कागद माझ्याकडं अजूनही नाही, पण माझ्यापुरतं झालं. मग ओवेनच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या, अगदी सारख्या, आणि वृषालीला विचारून विचारून एकीखाली लिहिलं भिवा, दुसरीखाली राणू. वही तिनं आबांपुढे धरली. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रेघा कळत होत्या.

ते उठले. जोत्यापाशी आले, आणि लंकाबाईसमोर खालीच बसले, मातीत, नव्या धोतरानिशी.

"आमीच उपरे निघालो," ते म्हणाले. "ज्यानं आमाला घरात घेतलं, त्याच्याच पोरीबाळींना आमी दारातनं हाकललं. गंगेची आन मोडली. पहार तुमचीच हाय. घिऊन जावा. आमच्या घरात परत न्हाई आनली तरी चालंल. आता आमाला ढोमसे म्हना न्हाईतर नका म्हनू, तुमच्या हातात हाय."

लंकाबाईला हेच ऐकायचं होतं. पन्नास वर्षं ती मनात ह्याच घडीला काय काय बोलायचं ते घोकत आली होती, एकेक शब्द धार लावून ठेवला होता. बायका कान टवकारून उभ्या. पण समोर एक म्हातारं माणूस मातीत बसलं होतं आणि तिला तिथं रांजणापाशी उपाशी पडलेलं पोर दिसायला लागलं.

"उठा," ती म्हणाली. "धोतराची रया जाईल. आन हे काय बोलता? सासऱ्याच्या बापानं गंगेवर बसून भाऊ म्हनून लिव्हलंय, आन आता शंभर वरसानं मी खोडू व्हय?"

आबांनी वर पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले. आजवर कधीच म्हणाले नव्हते.

"आता कसं!" लंकाबाईनं डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "सोमवारी देवकाला घरचं वडीलधारं मानूस लागतं. ह्यांच्या माघारी आमच्यात कोन न्हाई. तुमी यायचं. आन आजच यायचं, चार दिस आधी. कामं लई पडलीत, नुसतं उपरनं झटकत बसायला न्हाई यायचं. आन ह्या बयेला बी आना, हळदीला पाच सवाष्नी लागत्यात. धनी हाय का गं तिचा?"

वृषालीनं विचारलं. नेरिस म्हणाली, आहे, घरी मांजरं सांभाळतोय.

"मग झालं तर!"

चारच्या जुन्नर गाडीला ओतूर स्टँडवर ही गर्दी. दादाभाऊ म्हणाला, जीप करतो. आबांनी ऐकलं नाही. गेणभाऊ पहारीला हात घालायला गेला, त्यालाही त्यांनी बाजूला सारलं. शहात्तर वर्षांच्या खांद्यावर उपरण्याची चुंबळ ठेवून त्यांनी ती उचलली, आणि भर बाजारातून चालायला लागले. मागं लंकाबाई, तिच्यामागं लाल नाकाची नेरिस, मग बाकीचे. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. ज्या आडत्याला गोऱ्या रक्ताची गोष्ट दोनदा ऐकावी लागली होती, तो दुकानातून बाहेरच आला.

"आबा, हे काय! कुळाचं देवक घिऊन कुठं निघालात? आन ती विलायती सोयरी का?"

आबा थांबले. धाप लागली होती, पण पहार त्यांनी खाली टेकवली नाही.

"सोयरी ती ह्यांची," त्यांनी मागं गेणभाऊकडे मान केली. "मी सापडलेल्या पोराचा नातू. भावाची वस्तू हाय राव, भावाच्या घरी न्ह्यायला लई उशीर केला आमी."